आधी बाहेर

"आत नको आणूस," ऋजुता फाटकातूनच ओरडली.
"आधी बाहेर भेटू दे. घर दिवाणचं आहे."
पिल्लू माझ्या शालीत. मुरारच्या गजकवाल्याच्या
भट्टीमागून उचललेलं, अंगाला अजून
गुळाचा आणि राखेचा वास.
वजन सव्वा किलो कणकेइतकं,
पण कणीक अशी धडधडत नाही.

दर्पण कॉलनीत सकाळचे साडेनऊ. धुकं इतकं
की समोरच्या भदौरियांची स्कूटर
नुसती खोकताना ऐकू येते.
दिवाण पायरी उतरला. अकरा वर्षांचा,
तोंडावर पीठ सांडल्यासारखं पांढरं,
मागचा उजवा पाय आधी विचार करतो, मग टेकतो.
त्यानं माझ्याकडे पाहिलं. शालीकडे पाहिलं.
मग धुक्याकडेच बघत बसला,
जणू तिथून कुणी येऊन हे निस्तरणार आहे.

"समोरासमोर नको गं. बाजूबाजूनं चाल.
पट्टा सैल सोड, तुझा हात आवळला की त्याला कळतं."
चौदा वर्षांची मुलगी.
कुठून शिकलीस, विचारलं तर खांदे उडवले.
चाललो. पाण्याच्या टाकीपर्यंत, परत, पुन्हा टाकीपर्यंत.
पिल्लू ठेचकाळत,
दिवाण आपला यात काही संबंध नाही अशा चालीनं.
"अरे भाभीजी, नया मेहमान?" धुक्यातून भदौरिया.
मी हो म्हणणार, तेवढ्यात ऋजुता:
"अभी नहीं अंकल. अभी सिर्फ़ घूम रहा है."

तीन वर्षांपूर्वी मिरजेहून गोवा एक्स्प्रेसनं
दादाबरोबर इथे उतरले,
तेव्हा हिच्या बाबांनी मला घरी नेलं नव्हतं.
फूलबागेजवळ आइस्क्रीमची गाडी, आणि महिना डिसेंबर.
कुणी खाल्लं नाही. बाजूबाजूनं चाललो.
हिनं माझ्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही,
बॅग मात्र पुष्कळ वेळ निरखली,
किती दिवसांची आहे, बघत असावी.
रात्री पडावच्या लॉजवर मी दादाला म्हटलं,
यांना माझी लाज वाटतेय, चल परत.

घरात वाडगे दोन खोल्यांत.
दिवाणचा जुना, ॲल्युमिनियमचा, पोचा आलेला,
तो कुणी आणला होता हे मला ठाऊक आहे,
तो मी नुसता धुते.
खिडकीजवळच्या खुर्चीत
मी अजून बसत नाही. कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी पिल्लू सरळ दिवाणच्या गोणपाटाकडे निघालं.
तो गुरगुरला. आवाज खालून आला,
जात्यात खडा सापडावा तसा.
मी झेपावले. ऋजुतानं माझं मनगट धरलं.
"राहू दे. गुरगुरणं म्हणजे चावणं नव्हे.
तो फक्त सांगतोय, इथवर."
पिल्लू थांबलं. मागे सरकून जमिनीवर बसलं,
आणि ओलं केलं.
मला हसू आलं नाही.
तीन वर्षांत आपटलेली दारं
मी मनातल्या मनात पुन्हा मोजायला घेतली,
या वेळी निराळ्या हिशेबानं.
मनगट सोडायचं ती विसरली होती.
मीही आठवण केली नाही.

रात्री पारा चारवर.
पाणी प्यायला उठले तर दिवाण जागा,
पिल्लू हातभर लांब, थंड फरशीवर गोळा होऊन.
गोणपाटाचा एक कोपरा मोकळा होता.
दिवाणनं मुद्दाम सोडला,
की कूस बदलताना आपोआप सुटला,
सांगता येणार नाही. मी दिवा लावला नाही.

सकाळी ते कोपऱ्यावर होतं, निदान दोन पाय.
नाव अजून नाही. ऋजुता म्हणते, घाई कशाला,
सध्या नुसतं "ए" म्हणू.
मी पोह्यांना फोडणी टाकली.
"अगं," ती आतून म्हणाली,
हाक म्हणून तीन वर्षं एवढंच आहे आमच्यात,
"अगं, त्या खुर्चीवरून माझी वही दे ना.
नाहीतर तिथेच बस, मी येते."